कोडचा मदतनीस निवडताना मराठीची कसोटी

महाराष्ट्राबाहेरच्या जुन्या मराठी ग्रंथालयांची सूची संगणकावर आणण्याचे काम मी करतो. याच कामातले तरुण मला नेहमी विचारतात, ‘कोड लिहायला कोणता एआय मदतनीस घ्यावा?’ त्यांना मी ज्या कसोट्या सांगतो, त्या येथे मांडतो.

या साधनांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक, आपण लिहीत असताना पुढची ओळ सुचवणारे. २०२१ साली आलेले गिटहब कोपायलट सुरुवातीला असे होते. दुसरा, काम सांगितले की फायली स्वतः वाचून बदल करणारे. क्लॉड कोड हे त्याचे उदाहरण. आता बऱ्याच साधनांत दोन्ही सोयी मिळतात.

साधनांची तुलना करताना चाचण्यांचे गुण दाखवले जातात. ‘ह्यूमनइव्हॅल’ या प्रसिद्ध चाचणीत १६४ प्रश्न आहेत. सगळे पायथनचे आणि इंग्रजीत मांडलेले. त्यांतले गुण खोटे नसतात, पण मराठी सूचीबद्दल ते काहीच सांगत नाहीत. म्हणून पुढील तीन कामे प्रत्येक मदतनिसाला द्यावीत.

पहिले, अकारविल्हे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत मात्र तो ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी आहे. साध्या कोडने ‘काळ, काव, काहूर’ असा क्रम लागतो. आपल्याला ‘काव, काहूर, काळ’ हवा.

दुसरे, अक्षरमोजणी. ‘क्षिती’त आपण दोन अक्षरे वाचतो, संगणक सहा चिन्हे मोजतो. लांब शीर्षक अमुक चिन्हांवर कापणारा कोड जोडाक्षर मधोमध तोडू शकतो.

तिसरे, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’. पहिल्या शब्दातला अर्धा र पुष्कळदा एक अदृश्य जोडचिन्ह घालून टंकलेला असतो. मजकूर ‘स्वच्छ’ करताना कोडने ते चिन्ह पुसले, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि शोधणाऱ्या वाचकाला पुस्तक सापडत नाही.

मदतनीस पहिल्या फटक्यात चुकला तरी चालेल. चूक दाखवल्यावर तो नेमकी तीच सुधारतो की दुसरीकडे बिघडवतो, हे पाहावे. पाहणारा मात्र वर्णमाला जाणणारा हवा. संगणक न येणारे ग्रंथपाल हे काम उत्तम करतात.

शेवटी दोन व्यावहारिक प्रश्न. एक, आपल्या फायलींतला मजकूर कोणाच्या यंत्रावर जातो? सभासदांचे पत्ते असलेली फाईल मदतनिसापुढे ठेवूच नये. चाचणीसाठी बनावट नावे वापरावीत. दुसरा, पैसे महिन्याला की वापरानुसार? लहान संस्थेने एका महिन्यापुरते घेऊन, ही तीन कामे करून पाहावीत आणि मगच वर्षाचे पैसे भरावेत.