वळिवड्यात पोलंड कसा आला

दुसऱ्या महायुद्धातले तह शाळेत शिकवताना मी युरोपचा नकाशा नंतर उघडायचो, आधी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं नाव घ्यायचो. मंगळवार पेठेतल्या पोरांना ते गाव माहीत असतं. १९४३ पासून पुढची चार-पाच वर्षं तिथं सुमारे ५,००० पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा, चर्च, नाटकं सगळं तिथंच. ही माणसं आली एका करारामुळे, आणि त्यांचं घर कायमचं गेलं तेही मित्रांच्याच करारामुळे.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी एकमेकांवर हल्ला न करण्याचं ठरवलं, आणि गुपचूप पोलंड वाटूनही घेतला. दोन दिवसांनी ब्रिटननं पोलंडशी संरक्षणाचा करार केला. १ सप्टेंबरला जर्मन घुसले, १७ ला पूर्वेकडून रशियन. ब्रिटन जर्मनीशी लढायला उभा राहिला, रशियाशी नाही. ‘असं का, सर?’ पोरं हमखास विचारायची. ब्रिटनच्या करारालाही गुप्त कलम होतं, त्यात शत्रू म्हणजे फक्त जर्मनी. म्हणून तह वाचताना तो कुणाविरुद्ध आहे हे आधी बघावं, असं मी सांगायचो.

रशियानं लाखो पोलिश लोकांना सैबेरियात, कझाकस्तानात हाकललं. मग २२ जून १९४१ ला हिटलर रशियावरच उलटला. साम्यवादाचा जन्मभर द्वेष केलेल्या चर्चिलनं त्याच संध्याकाळी रेडिओवरून रशियाला मदत जाहीर केली. शत्रू एक झाला की जुनी वैरं बाजूला पडतात. ३० जुलैला लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारनंही स्टॅलिनशी करार केला आणि कैदेतली माणसं सुटू लागली. पोलिश जनरल आंडर्स तर मॉस्कोच्या तुरुंगातून निघाले ते थेट पोलिश फौजेचे सेनापती झाले. १९४२ मध्ये त्यांची फौज आणि हजारो कुटुंबं इराणला पोचली. तिथून काही बायका-मुलं आपल्याकडे आली, फौज पुढं इटलीत लढली. १८ मे १९४४ ला मोन्ते कॅसिनोच्या मठावर पोलिश झेंडा लागला. त्याच इटलीत आपली मराठा पलटणही लढत होती. १० जुलैला त्या पलटणीतले यशवंत घाडगे तिथं धारातीर्थी पडले.

पण तोवर मैत्री फाटली होती. रशियानं कातीनच्या जंगलात मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांची थडगी एप्रिल १९४३ मध्ये उजेडात आली. पोलिश सरकारनं चौकशी मागितली, म्हणून स्टॅलिननं संबंध तोडले. ब्रिटन आणि अमेरिकेला रशियाची लाल फौज हवी होती, त्यामुळे त्यांनी तोंड बंद ठेवलं. ही गोष्ट मला आजही माफ करता येत नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तिघा बड्यांनी पूर्व पोलंड रशियाला देऊन टाकला. वळिवड्यातल्या बहुतेकांची घरं नेमकी त्या भागातली. ५ जुलैला ब्रिटन-अमेरिकेनं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली.

वळिवड्याची छावणी रिकामी झाली तेव्हा थोडे पोलंडला परतले. बाकीचे ब्रिटनमध्ये आणि आणखी दूरच्या देशांत पांगले.