लाकाबेचा पाव

उत्तर स्पेनच्या नवारा प्रांतातलं लाकाबे हे गाव १९६०च्या दशकात ओस पडलं. डोंगरातली शेती परवडेना, शहरांत कारखाने निघाले, आणि एकेका घराला कुलूप लागत गेलं. पुढे छपरं कोसळली, अंगणांत काटेरी झुडपं माजली. स्पेनमध्ये अशी ओसाड गावं हजारोंनी आहेत.

१९८० साली काही तरुण मंडळी इथे राहायला आली. सक्तीच्या लष्करी सेवेला विरोध करणाऱ्या अहिंसावादी चळवळीतली ही पोरं. परवानगी कुणाची घेतलेली नव्हती. धड उभं असं एकच घर उरलं होतं, सगळे त्यातच दाटीवाटीने झोपायचे. वीज नसल्याने मेणबत्त्या लावायच्या. दगडावर दगड रचत एकेक घर त्यांनी पुन्हा उभं केलं. विजेसाठी पुढे पवनचक्कीही आली.

पण भाजीपाला पिकवला आणि जनावरं पाळली, तरी मीठ, अवजारं, औषधं विकतच आणावी लागतात. रोख पैसा कुठून आणायचा, या प्रश्नापाशी असे कितीतरी प्रयोग अडतात. लाकाबेने बेकरी काढली. इथल्या पावाला बाजारातलं यीस्ट लागत नाही. आदल्या पिठाचा आंबलेला गोळा राखून ठेवायचा, त्यात नवं पीठ-पाणी मिसळायचं आणि तासन्‌तास फुगू द्यायचं. सेंद्रिय धान्याचा हा दाट, किंचित आंबूस पाव पांप्लोनासारख्या शहरात विकला जातो. ज्या शहराने गावची माणसं ओढून नेली, तेच आता गावाला चार पैसे देतं. मला लाकाबेचं स्वावलंबन खरं वाटतं ते यामुळेच. जगाकडे पाठ न फिरवता आपल्या अटींवर जगाशी व्यवहार करणारी ही माणसं आहेत.

पावाचा पैसा सामाईक असतो आणि निर्णय सभेत, सर्वांच्या संमतीने होतात. बहुमताने हात वर करून विषय संपवता येत नाही, नाराज माणसाचं ऐकून घ्यावंच लागतं. भिंत बांधण्याहून हे काम कठीण आहे. चार दशकं ते निभावलं, याचं मला फार मोल वाटतं.

ओस गावात असं टिकून राहणं सगळ्यांच्याच नशिबी आलं नाही. ग्वादालाहारा प्रांतातलं फ्रागुआस गाव सरकारने १९६८ साली पाइनच्या लागवडीसाठी ताब्यात घेतलं होतं. २०१३ साली तिथे गेलेल्या तरुणांनी पडकी घरं सावरली. मात्र जागा संरक्षित उद्यानात येत असल्याने खटला झाला आणि २०१८ साली सहा जणांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली गेली. कायद्याचं म्हणणं मला कळतं. पण वर्षानुवर्षं ओस असलेल्या गावात चूल पेटवणाऱ्याला तुरुंगाची वाट दाखवणं मला पटत नाही.

वेगळा मार्ग नवाराच्या शेजारच्या आरागॉन प्रदेशात निघाला आहे. आइनेतो, इबोर्त आणि आर्तोसिया ही तीन सोडलेली गावं तिथल्या सरकारने रीतसर करार करून नव्या रहिवाशांच्या संस्थेकडे सोपवली. मालकी सरकारचीच राहिली. घरं बांधली, सांभाळली ती राहणाऱ्यांनी.