विश्लेषण : चार पिढ्या, अनेक पक्ष… विखे पाटील घराण्याचे राजकारण कशावर उभे आहे?

अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणीच्या विखे पाटील घराण्याने काँग्रेस, शिवसेना आणि भाजप अशी तिन्ही घरे पाहिली. पक्ष बदलले तरी घराण्याचा दबदबा टिकून राहिला. मात्र २०२४ च्या लोकसभा निवडणुकीने त्याची मर्यादाही दाखवून दिली.

सुरुवात कशी झाली?

विठ्ठलराव विखे पाटील हे लोणीचे शेतकरी. भंडारदरा धरण आणि प्रवरेच्या कालव्यांमुळे या भागात ऊस पिकू लागला, पण भाव आणि पत शेतकऱ्याच्या हाती नव्हती. विठ्ठलरावांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन मिळाले आणि १९५० मध्ये प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले गाळप झाले. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. विठ्ठलरावांना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली.

दुसरी पिढी दिल्लीत कशी पोहोचली?

त्यांचे पुत्र एकनाथराव ऊर्फ बाळासाहेब विखे पाटील १९७१ मध्ये कोपरगावमधून लोकसभेवर गेले. पुढे ते अनेकदा खासदार झाले. १९९१ मध्ये अहमदनगरमधून यशवंतराव गडाख यांच्याकडून ते पराभूत झाले. त्या निवडणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि गडाखांची निवड रद्द ठरली. याच प्रकरणात शरद पवार यांच्यावर उच्च न्यायालयाने ओढलेले ताशेरे मात्र सर्वोच्च न्यायालयाने दूर केले. पवार आणि विखे घराण्यांतील कटुतेच्या चर्चेत हा खटला आजही निघतो.

काँग्रेस सोडून शिवसेनेत गेलेले बाळासाहेब वाजपेयी सरकारमध्ये आधी अर्थ राज्यमंत्री, नंतर अवजड उद्योग मंत्री होते. २००४ मध्ये ते पुन्हा काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. २०१० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

तिसऱ्या पिढीकडे काय आहे?

राधाकृष्ण विखे पाटील १९९५ पासून शिर्डीचे आमदार आहेत. युती सरकारमध्ये कृषिमंत्री, आघाडी सरकारमध्ये मंत्री, २०१४ नंतर काँग्रेसचे विरोधी पक्षनेते आणि २०१९ मध्ये भाजपचे मंत्री असा त्यांचा प्रवास आहे. २०२२ मध्ये त्यांच्याकडे महसूल, तर डिसेंबर २०२४ मध्ये जलसंपदा खाते आले. त्यांच्या पत्नी शालिनीताई यांनी जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद भूषवले.

२०१९ मध्ये नेमके काय घडले?

मतदारसंघ पुनर्रचनेत कोपरगाव लोकसभा मतदारसंघ संपला. त्याच्या जागी आलेला शिर्डी मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. त्यामुळे लोकसभेसाठी घराण्याला नगर दक्षिणेकडे वळावे लागले. ती जागा आघाडीत राष्ट्रवादीकडे होती आणि राष्ट्रवादीने ती सोडली नाही. राधाकृष्ण यांचे पुत्र, न्यूरोसर्जन असलेले डॉ. सुजय भाजपमध्ये गेले आणि खासदार झाले. काही महिन्यांत वडीलही त्याच वाटेने गेले.

मतदार पक्षाबरोबर का बदलत नाही?

उत्तर संस्थांमध्ये आहे. कारखान्याचा सभासद ऊस तिथेच घालतो, मुले प्रवरेच्या शिक्षण संस्थेत शिकतात, आजारी माणूस लोणीच्या रुग्णालयात जातो. घरातील एखाद्याची नोकरीही याच संस्थांत असते. त्यामुळे इथे चिन्हापेक्षा ‘वाडा’ मोठा ठरतो. विरोधकांचा आक्षेपही नेमका हाच आहे : सभासदांच्या मालकीच्या संस्थांवर एकाच घराचा वरचष्मा कसा?

मग २०२४ मध्ये पराभव का झाला?

डॉ. सुजय यांना नीलेश लंके यांनी सुमारे २९ हजार मतांनी हरवले. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत-जामखेड हा दक्षिणेचा पट्टा प्रवरा खोऱ्याबाहेरचा. तिथे कारखान्याचे जाळे नाही, पाण्याचे दुखणे मात्र मोठे आहे. त्यात कांद्याच्या भावावरून नाराजी होती. सहा महिन्यांनी विधानसभेत राधाकृष्ण यांनी शिर्डी राखली. शेजारच्या संगमनेरमध्ये तर त्यांचे जुने प्रतिस्पर्धी बाळासाहेब थोरात पराभूत झाले.

पुढे काय?

पणजोबांनी कालव्याच्या पाण्यावर संस्था उभी केली. आज जलसंपदा खाते त्याच घरात आहे. निळवंडेच्या कालव्यांचे पाणी दुष्काळी गावांच्या शेवटच्या शेतापर्यंत किती पोहोचते, यावर चौथ्या पिढीची वाट बरीचशी अवलंबून राहील.