नाव वाजत नाही, तार वाजते!

होस्टेलमध्ये इलेक्ट्रिक गिटार आली की पहिला प्रश्न ठरलेला: ब्रँड कुठला? माझं मत सांगतो. मोठ्या नावाबरोबर फिनिशिंगची खात्री मिळते. आवाज मात्र स्टीलची तार पिकअपच्या चुंबकाजवळ थरथरून कॉइलमध्ये व्होल्टेज निर्माण झाल्यावरच येतो. शेवटी फॅरेडेच!

एडी व्हॅन हेलनने 50 डॉलरची सदोष बॉडी आणि 80 डॉलरचा नेक जोडला, गिब्सनचा जुना पिकअप बसवला आणि तो शिटी मारू नये म्हणून मेणात बुडवला. 1978 च्या ‘व्हॅन हेलन’ अल्बमवर तीच गिटार गाजली.

म्हणून मित्रांनो, स्वस्त गिटार लगेच विकू नका. आधी तारा बदला, त्यांची उंची आणि इंटोनेशन जुळवा, नटच्या खाचा जपून घासा. पिकअप त्यानंतर. फक्त नेक पिळलेला असेल, तर एक रुपयाही घालू नका.