सांगलीची सई, पडद्यावरची शमा : ओळख एका रात्रीत मिळत नाही

'मिमी' हा हिंदी सिनेमा आपल्यापैकी अनेकांनी घरी बसून पाहिला असेल. अडचणीत सापडलेल्या मिमीला आपल्या घरात आसरा देणारी, शेवटपर्यंत तिची साथ न सोडणारी मुस्लिम मैत्रीण शमा आठवते ना? ही शमा साकारणारी सई ताम्हणकर आपल्या सांगलीची. या भूमिकेसाठी २०२२ मध्ये तिला आयफा आणि फिल्मफेअर, दोन्हीकडे सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

बातमी वाचून वाटतं, पोरीचं नशीब उघडलं. पण जरा हिशोब मांडून बघा. सईचा जन्म १९८६ चा. शाळा-कॉलेजच्या वयात ती कबड्डी खेळायची आणि नाटकांत कामं करायची. मग 'या गोजिरवाण्या घरात' सारख्या मालिका केल्या. २००८ मध्ये 'सनई चौघडे' आणि सुभाष घई यांचा 'ब्लॅक अँड व्हाईट' आला. घराघरांत नाव झालं ते २०१३ च्या 'दुनियादारी'तल्या शिरीनमुळे. म्हणजे पहिल्या सिनेमापासून फिल्मफेअरपर्यंत तब्बल १४ वर्षं गेली. आणि तो पुरस्कारही नायिकेचा नव्हे, सहायक भूमिकेचा. छोटी भूमिका म्हणून कमी लेखायचं नसतं, हे यातून कळतं.

सांगलीला ही परंपरा जुनी आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' इथेच रंगवलं. शेजारच्या मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची लेक हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये जन्मली. चांगल्या घरच्या बाईने रंगमंचावर येऊ नये असं मानलं जाई, त्या काळात त्या गायल्या, नाटकांत आणि सिनेमांतही उभ्या राहिल्या. पुढे १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. लेकीला पडद्यावर पाठवायचं की नाही, यावर आज आपल्या घरांत जी चर्चा होते, ती काही नवी नाही.

हा निर्णय प्रत्येक घराने आपापल्या विचाराने घ्यावा. पण घ्यायचा असेल तर माहिती असलेली बरी. साताऱ्याकडे, विशेषतः वाई-मेणवली परिसरात, 'स्वदेस', 'दबंग' सारख्या सिनेमांचं चित्रीकरण झालेलं आहे. अशा ठिकाणी मुलांना कामासाठी विचारणा होते.

मूल १४ वर्षांखालचं असेल तर कायदा स्पष्ट आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यानुसार निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही, शाळा बुडता कामा नये. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावावर मुदत ठेवीत जातो आणि सज्ञान झाल्यावर त्याला मिळतो. मुलाच्या मर्जीविरुद्ध काम करून घेता येत नाही. ही शेवटची अट आई-वडिलांनाही लागू आहे, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट पैशांची. काम देणारा माणूस कामाचे पैसे देतो, मागत नाही. ऑडिशनच्या, फोटोच्या, 'रजिस्ट्रेशन'च्या नावाखाली कोणी हजारो रुपये मागत असेल तर तिथूनच परत फिरा. ऑडिशनला मुलीला एकटी पाठवू नका. अम्मी, अब्बू, भाई, कोणीतरी सोबत असावंच. आणि कागदावर लिहून घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची रिंकू राजगुरू 'सैराट'च्या वेळी शाळकरी मुलगी होती. राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख झाला, २०१६ मध्ये सिनेमा आला आणि गर्दीमुळे घराबाहेर पडणं मुश्किल झालं. तरी २०१७ मध्ये तिने बाहेरून दहावीची परीक्षा दिली आणि ६६.४० टक्क्यांनी पास झाली. कौतुक पुरस्काराइतकंच या निकालाचंही व्हायला हवं. सिनेमा चालेल, न चालेल. दहावीचा दाखला मात्र जन्मभर उपयोगी पडतो.

तुमच्या घरात एखादी मुलगी आरशासमोर संवाद म्हणत असेल तर तिला रागावण्याआधी एकदा जवळ बसवा. तिला नेमकं काय हवंय ते विचारा. शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक ही चांगली सुरुवात आहे. तिथे फी नाही, फसवणूक नाही, आणि पहिल्या रांगेत बसायला आपण आहोतच.