वाघिणीच्या दुधाविना

क्वालालंपूरहून उत्तरेला इपोहकडे निघालेली आगगाडी बर्नाम नदी ओलांडून पेराक राज्यात शिरते, तिथेच तान्जुंग मालिम हे गाव लागते. 29 नोव्हेंबर 1922 रोजी इंग्रजांनी या आडगावात मलय मुलांना मास्तरकी शिकवणारे निवासी कॉलेज उघडले. सहा वर्षांपूर्वी वारलेल्या पेराकच्या सुलतानाचे नाव त्याला दिले : सुलतान इद्रिस ट्रेनिंग कॉलेज. शिक्षणाचा हेतू काय, हे सरकारने कधी झाकून ठेवले नव्हते. कोळ्याचा मुलगा बापापेक्षा थोडा हुशार कोळी व्हावा, शेतकऱ्याचा मुलगा थोडा हुशार शेतकरी व्हावा, अशा अर्थाचे मुख्य सचिव जॉर्ज मॅक्सवेल यांनी 1920 च्या सरकारी अहवालात लिहून ठेवले आहे.

आपल्याकडे इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणायची चाल होती. मलायातल्या, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पातल्या, साहेबांनी हिंदुस्थानातला हा वाघ पुरता न्याहाळला होता. कॉलेजे काढली, मुले पदव्या घेऊन बाहेर पडली, नोकऱ्या पुरल्या नाहीत, मग वर्तमानपत्रे निघाली आणि सभा भरल्या. हे दुखणे इकडे नको, असा तिथल्या अधिकाऱ्यांचा निश्चय होता. शेतकऱ्यांच्या पोरांना अर्धवट इंग्रजी शिकवली तर ती असंतुष्ट होतील, हे फ्रँक स्वेटनहॅम यांनी 1890 मध्येच बजावले होते. इंग्रजी द्यायची ती फक्त वरच्यांना. राजघराण्यांतल्या आणि सरदारांच्या मुलांसाठी 1905 मध्ये क्वाला कांगसारला इंग्रजी माध्यमाचे कॉलेज निघालेच होते. तिथून मामलेदार-कारकून घडत. गावच्या पोराला मलय शाळा, तीही चार-पाच इयत्तांची. कथलाच्या खाणींत चिनी, रबराच्या मळ्यांत तमिळ आणि भाताच्या खाचरात मलय, अशी साम्राज्याने कामांची वाटणी केली होती. शाळेने ती मोडू नये, एवढीच अपेक्षा होती.

या योजनेचा शिल्पकार रिचर्ड विन्स्टेड. मलय भाषा, साहित्य आणि इतिहास यांचा हा नाणावलेला अभ्यासक. 1916 मध्ये शिक्षणखात्यात येताच तो जावा आणि फिलिपिन्स पाहून आला. फिलिपिन्समध्ये अमेरिकनांनी शाळांतून हस्तोद्योगाचे खूळ फैलावले होते, ते त्याला फार आवडले. त्याच्या अहवालातून दोन गोष्टी निघाल्या. गावच्या शाळेत बागकाम आणि विणकाम आले, आणि मलाक्का व मातांग इथली छोटी ट्रेनिंग कॉलेजे बंद करून साऱ्या द्वीपकल्पासाठी एकच मोठे कॉलेज काढायचे ठरले. जो माणूस मलय पोथ्यांत आयुष्यभर रमला, त्यालाच मलय मुलाच्या हाती पोथीपेक्षा टोपली द्यावीशी वाटली. या विसंगतीचे त्याला काही वाटले असेल, असे दिसत नाही.

या टोपल्यांकडे नीट पाहायला हवे, कारण कॉलेजच्या टीकाकारांनी सगळ्यात जास्त त्यांचीच टवाळी केली. वेताची साल काढायची, पट्ट्या चिरायच्या, पाण्यात भिजवून मऊ करायच्या, तळाची उभी-आडवी वीण मोजून मांडायची आणि शेवटी काठ दुमडून बंद करायचा. केवड्याच्या जातीची मेंगकुआंगची पाने तर घरोघरी चटयांसाठी लागतच. पण मलय खेड्यात चटई विणते आई. अठरा-वीस वर्षांचा मुलगा घरदार सोडून तीन वर्षांसाठी येतो, भावी मास्तर म्हणून मिरवतो आणि वर्गात बसून आईचे काम नव्याने शिकतो! अभ्यासक्रमात इतिहास, भूगोल, गणित, आरोग्य हे सारे होते. इंग्रजी मात्र नव्हती.

हाताचे काम शिकवण्यात वाईट काही नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हेच मागितले होते : मास्तर शिकवून तयार केलेले असावेत, ते शेतकरी वर्गातून यावेत, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला त्यांना लाज वाटू नये आणि मुलांना शेतीची माहिती मिळावी. पण फुले हे मागत होते शूद्रांची पोरे वर यावीत म्हणून. मलायात तीच नांगराची मूठ पोराला जागच्या जागी ठेवायला वापरली गेली.

तरीही हिशेब चुकला, आणि तो त्याच धोरणामुळे चुकला. मलय माध्यमाची पुढची शाळाच नव्हती. त्यामुळे गरीब घरातल्या हुशार मुलाला वर चढायला एकच पायरी होती, ती म्हणजे हे कॉलेज. केलांतानचा, जोहोरचा, पाहांगचा, मलाक्काचा, ज्या त्या राज्यातला निवडक मुलगा इथे आला आणि एका छपराखाली तीन वर्षे राहिला. तोवर माणूस आपल्या सुलतानाची प्रजा असे. इथे त्याला पहिल्यांदा आपण सगळे मलय आहोत हे दिसले. ब्रुनेईतूनही मुले येत. पुढे ब्रुनेईच्या राष्ट्रगीताचे शब्द लिहिणारे पेंगिरन युसुफ इथलेच विद्यार्थी.

प्राचार्य ओ. टी. डसेक यांचा यात मोठा वाटा. मलाक्काच्या जुन्या कॉलेजातून ते आले आणि 1936 पर्यंत राहिले. साहेब असूनही मुलांवर जीव टाकणारा हा माणूस. शिक्षणखात्याचा भाषांतर विभाग 1924 मध्ये कॉलेजातच आला आणि झाबा तिथे रुजू झाले. झाबा म्हणजे झैनल आबिदिन अहमद. नेगरी सेंबिलानच्या खेड्यातून येऊन सीनियर केंब्रिज पास झालेला, मलयांच्या दारिद्र्याविषयी वर्तमानपत्रांत परखड लिहिणारा हा गृहस्थ क्वाला कांगसारला मास्तर होता. तिथून उचलून त्यांना साहेबांच्या नजरेखाली ठेवले, असे पुष्कळांचे मत. ठेवले खरे, पण ठेवले कुठे? भाषेच्या टांकसाळीत! शालेय पुस्तके, शेक्सपिअरच्या गोष्टी, ‘ट्रेझर आयलंड’ यांची मलय रूपे या विभागातून निघाली. झाबांनी रोमन लिपीतले शुद्धलेखन बसवून दिले, व्याकरण लिहिले. आपल्या दादोबा पांडुरंगांचे काम आणि छापखान्याचे काम एकाच ठिकाणी चालावे, असा हा प्रकार.

दुसरे नाव अब्दुल हादी हाजी हसन यांचे. ते इतिहास शिकवीत आणि ‘सजारा आलम मलायु’ हे त्यांचे पुस्तक 1925 पासून भागाभागाने आले. त्यात सुमात्रा, जावा, मलाया हे एकच जग होते. इंग्रज आणि डच यांनी मध्ये आखलेली रेघ मुलांना उपरी वाटू लागली. याच वर्गांतून इब्राहिम याकोब 1931 मध्ये बाहेर पडले. इंडोनेशियातल्या सुकर्णोंच्या चळवळीने भारलेल्या या तरुणाने 1938 मध्ये केसातुआन मलायु मुदा ही संघटना काढली. जपानी फौजा डिसेंबर 1941 मध्ये उतरल्या तेव्हा इंग्रजांनी या संघटनेच्या पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. कॉलेजातच शिकून तिथेच शिकवणारे कादंबरीकार हारून अमिनुर्रशीद यांची रवानगी 1939 मध्ये ब्रुनेईला झाली होती.

एवढ्यावरून कॉलेज म्हणजे क्रांतीचा कारखाना होता, असे समजू नये. बहुतेक मुले निमूटपणे गावी परतली. तिथे त्यांना ‘चिकगु’ म्हणत, म्हणजे आपले गुरुजी. पगार बेताचा, पण गावात सरकारचा कागद वाचणारा आणि कॉफीच्या दुकानात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस तोच. 1924 मध्ये निघालेले ‘मजल्ला गुरु’ हे शिक्षकांचे मासिक याच मंडळींनी वाढवले. आपल्याकडच्या व्हर्नाक्युलर फायनल पास मास्तरांची ज्यांना आठवण आहे, त्यांना हा चिकगु परका वाटणार नाही.

स्वातंत्र्य आले तेव्हा खुर्च्या मात्र इंग्रजी शिकलेल्यांनाच मिळाल्या. पहिले पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान राजपुत्र आणि केंब्रिजचे पदवीधर. टोपल्या विणलेल्यांनी भाषा घडवली, राज्य दुसऱ्यांनी केले. मुलींसाठी तर मलाक्काला ट्रेनिंग कॉलेज निघायला 1935 साल उजाडावे लागले. विन्स्टेडने मलय पोराला चाकोरीबाहेर जाऊ द्यायचे नाही असे ठरवले, हा त्याचा अपराधच. परक्या भाषेवाचून माणसाचे डोके पेटत नाही, ही त्याची समजूत मात्र शुद्ध अडाणीपणाची होती. आपल्याकडे आजही ती पुष्कळांची आहे.

1997 मध्ये कॉलेजचे विद्यापीठ झाले. ‘सुलु बुदिमान’ या जुन्या मुख्य इमारतीत आता राष्ट्रीय शिक्षण संग्रहालय आहे. क्वालालंपूरहून लोकल गाडी थेट तान्जुंग मालिमला जाते. मलेशियाला गेलात तर जुळ्या मनोऱ्यांतला एक दिवस वाचवून तिकडे जाऊन या.