कुष्ठरोग आणि हाताचें काम

आजारी माणसानें अंथरुणावर पडून विश्रांति घ्यावी, हा घरोघरींचा रूढ समज आहे. तो बऱ्याच अंशीं खरा असला तरी सर्वस्वीं खरा नाहीं. जेवणें, वेणीफणी करणें, विणणें, मातींत राबणें अशा नित्याच्या क्रियांचा प्रकृतीशीं काय संबंध आहे, याचा पद्धतशीर विचार करणाऱ्या शास्त्रास मराठींत व्यवसायोपचार म्हणतात. येथें व्यवसाय म्हणजे केवळ पोटाचा धंदा नव्हे. मनुष्य दिवसभर ज्यांत गुंतलेला असतो तें सर्व त्यांत येतें. भारतांत या विद्येचें पहिलें विद्यालय श्रीमती कमला निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत सुरू केलें.

काम हें औषध केव्हां ठरतें आणि अपाय केव्हां, हा या विद्येंतील बिकट प्रश्न. तो समजून घेण्यास पूर्वीच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील वरोऱ्याइतकें योग्य स्थळ क्वचितच सांपडेल. तेथील खडकाळ, झुडुपी जमिनीवर बाबा आमटे व साधनाताई यांनीं १९५१ सालीं आनंदवनाचा संसार मांडला, तेव्हां सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढेंच भांडवल होतें. दान माणसास खचवितें व काम त्यास उभारतें, ही बाबांची धारणा. विहीर खणली गेली, भाजीपाला पिकला. गांवकरी प्रथम त्या भाजीस हात लावीनात. पुढें त्याच गांवच्या मुलांसाठीं आनंदवनानें महाविद्यालय उभारलें. औषधाच्या बाटलींतून हा गुण मिळता ना.

मात्र हें काम करणारे हात कसे होते, इकडे सहसा लक्ष जात नाहीं. कुष्ठरोगाचे जंतु शरीराच्या थंड भागीं, त्वचेलगतच्या मज्जातंतूंत ठाण मांडतात. कोपराजवळचा मज्जातंतु दुखावला कीं करंगळी व अनामिका आंत वळतात आणि तेथील स्पर्शज्ञान जातें. वेल्लोरचे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांस एकदां गंजलेलें कुलूप उघडेना. एका रोगी मुलानें किल्ली सहज फिरविली. पाहतात तों त्याचें बोट हाडापर्यंत फाटलेलें, आणि त्याला पत्ताहि नाहीं! बोटें रोगानें आपोआप झडत नाहींत, न जाणवलेल्या जखमांनीं तीं झिजतात, हें ब्रँड यांनीं दाखवून दिलें. वेदना हा शत्रु नसून पहारेकरी आहे. तो निघून गेला कीं विळ्याची मूठ, चहाचा पेला, चुलीवरचें भांडें, सारींच घातक.

चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन्ही जिल्ह्यांत हा रोग दीर्घकाळ ठाण मांडून आहे. भाताची रोवणी, मोहफुलें वेचणें, तेंदूपत्ता तोडणें, सरपण आणणें, हें येथील जीवन. आणि तें पुष्कळदां अनवाणी. आज सहा महिने ते एक वर्षाच्या बहुविध औषधोपचारानें जंतु नष्ट होतात, औषधें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. पण फार दिवसांपूर्वीं गेलेली संवेदना सहसा परतत नाहीं. अशा माणसास काम सोडावयास सांगणें म्हणजे त्याला पुन्हां भिकेस लावणें होय. तेव्हां बदलावयाचें तें कामाचें रूप.

बधिर हात गरजेपेक्षां अधिक जोरानें पकडतो, कारण जोर किती लागला हें त्याला कळत नाहीं. मुठीस कापड वा रबर गुंडाळून ती जाड केली कीं तोच दाब अधिक जागेवर वांटला जातो. हात आलटून पालटून वापरावा, कडा नसलेली मूठ घ्यावी, पायांत मऊ रबराच्या तळाची चप्पल असावी. घाम येणें बंद झाल्यानें कातडी सुकून भेगाळते. म्हणून रोज हातपाय पाण्यांत भिजवून तेल लावावें. आणि सायंकाळीं तळहात व तळपाय उजेडांत तपासावे: लाली, फोड, ऊन लागणारी जागा. रोगानें डोळेहि अधू झाले असतील, तर हें पाहण्याचें काम घरांतील दुसऱ्या कोणीं करावें.